एकसारखे पॉलिमर मणी: स्टॅबिलायझर नुसता बसलेला हवा की रासायनिक बंधाने जोडलेला?

मणीकार

नमस्कार मंडळी. मागे निदान-किटांच्या धाग्यावर मी अर्धवट सोडलेला विषय इथे नीट मांडतो. रसायनवाले असतील त्यांनी झोडपावं, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत.

आमचं काम मरोळला. रक्ततपासणीच्या किटांसाठी लॅटेक्स, म्हणजे पॉलिस्टायरीनचे दोनेक मायक्रॉनचे मणी, त्यावर अँटिबॉडी. तंत्र जुनं आहे. संधिवाताची लॅटेक्स चाचणी १९५६ची. पण मणी आजही बाहेरून येतात आणि लॉट बदलला की गुठळ्या कमीजास्त होतात. म्हणून घरचे मणी करायचे ठरलं.

रीत डिस्पर्शन पॉलिमरायझेशनची. इथेनॉल, त्यात स्टायरीन, एआयबीएन (गरम झाला की फुटून साखळ्या सुरू करून देणारा) आणि पीव्हीपी (मण्यांवर कवच धरून त्यांना एकमेकांना चिकटू न देणारा पॉलिमर, म्हणजेच स्टॅबिलायझर), नायट्रोजन फिरवून ७० अंशाला, सावकाश ढवळत, रात्रभर. सुरुवातीला सगळं विरघळलेलं, पाण्यासारखं स्वच्छ. मग बाटलीच्या कडेला हलकी निळसर झाक येते, आणि बघता बघता दूध. सकाळी मायक्रोस्कोपखाली मणी असे की कुठला कुठला ओळखू येणार नाही. इथवर सगळं पुस्तकाबरहुकूम.

घोडं अडतं पुढे. सेंट्रिफ्यूज करून धुतले, बफरमध्ये (ठरावीक पीएचच्या क्षारद्रावणात) घेतले की काही मणी दोन-दोन, तीन-तीनने चिकटतात. पीव्हीपी धुऊन जातो असा माझा संशय. शिवाय पीव्हीपीवर अँटिबॉडी जोडायला हात नाही. म्हणून आता ब्लॉक कोपॉलिमर घ्यायचा विचार आहे: एक तुकडा पॉलिअॅक्रिलिक आम्लाचा, तो इथेनॉलमध्ये पसरून राहील. दुसरा छोटा पॉलिस्टायरीनचा, तो मण्यात रुतेल. आणि त्याच्या टोकाला रिॲक्टिव्ह गट, म्हणजे तो वाढत्या साखळीशी जोडलाच जाईल. राफ्ट पद्धतीने (सगळ्या साखळ्या हळूहळू, सारख्या लांबीच्या वाढवायची रीत) केला तर ट्रायथायोकार्बोनेटचं रिॲक्टिव्ह टोक आयतंच मिळतं.

प्रश्न असा: हा सुरुवातीपासून पीव्हीपीच्या जागी घालावा का?

प्रश्नार्थक

वाचनखूण साठवली. पण मुळातला प्रश्न, मणी एका मापाचे होतातच कसे? बुंदीला झारा असतो. इथे झारा कोण?

जुना_यूडीसीटीकर

प्रश्नार्थक, इथे झारा नाहीच, आणि हाच विषयाचा गाभा. सस्पेन्शन पद्धतीत ढवळण्याने थेंब फुटतात, म्हणून तिथे दहा मायक्रॉनपासून मिलिमीटरपर्यंत सगळी मापं एकत्र निघतात आणि मग चाळत बसा. डिस्पर्शनमध्ये थेंबच नसतात. सगळं विरघळलेलं. साखळी वाढते, एका लांबीनंतर इथेनॉलला ती पेलवत नाही, ती बाहेर पडते, चारचौघींना चिकटते. हा पुंजका स्टॅबिलायझर अंगावर घेईपर्यंत दुसऱ्यांना चिकटत राहतो. एकदा पुरेसं कवच चढलं की तो मणी झाला. त्यानंतर नव्या साखळ्या स्वतंत्र पुंजके न करता आधीच्या मण्यांत शिरतात.

हे बीज पडण्याचं काम एक टक्का स्टायरीन संपायच्या आत उरकतं. नंतर मण्यांची संख्या बदलत नाही, ते फक्त फुगतात. सगळे एकाच वेळी जन्मले आणि सगळ्यांना सारखंच खायला मिळालं, म्हणून मापही सारखं. बीज पडणं लांबलं की आधीचे थोराड आणि मागचे किरटे.

मणीकार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच परिच्छेदात आहे, पण जेवून येतो.

रंगारी

यूडीसीटीकर जेवेपर्यंत जरा जुनी गोष्ट. ही पद्धत औषधवाल्यांची नव्हे, आमची, रंगवाल्यांची. इंग्लंडमधल्या आयसीआयने ती गाड्यांच्या रंगांसाठी उभी केली, हायड्रोकार्बनमध्ये. बॅरेट यांनी संपादित केलेलं पुस्तक १९७५चं. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या ग्रंथालयात त्याची जीर्ण प्रत होती आणि ती घरी न्यायला बंदी. त्यातही ब्लॉक आणि ग्राफ्ट स्टॅबिलायझरच होते: एक अंग विरघळणारं, एक रुतणारं, आणि रुतणाऱ्या अंगाला बहुतेकदा दुहेरी बंध लावलेला, म्हणजे तो साखळीत गुंफला जाई. नवीन म्हणून जे येतंय त्यातलं बरंच आम्ही बादलीने केलंय. अल्कोहोलमधली मायक्रॉनच्या मापाची सुबक मण्यांची रीत मात्र नंतरची, १९८२च्या सुमारास छापून आली.

मणीकार

काका, बादलीने केलंत ते मान्य, पण तुम्हाला मापाचा सीव्ही (सरासरीच्या तुलनेत मापं किती टक्के इकडेतिकडे होतात तो आकडा) कोण विचारत होतं? :)

रंगारी

कोणी नाही. भिंतीला काय कळतंय! आम्हाला फक्त तळाशी बसू नये एवढंच हवं होतं.

जुना_यूडीसीटीकर

जेवलो. आता मणीकारांचा मुद्दा.

आधी एक दुरुस्ती. पीव्हीपी धुऊन जातो हे अर्धसत्य. एआयबीएनच्या रॅडिकलने (फुटून झालेल्या क्रियाशील तुकड्याने) पीव्हीपीच्या साखळीवरचा एखादा हायड्रोजन उचलला की तिथे पॉलिस्टायरीनची फांदी फुटते, आणि खरा स्टॅबिलायझर तोच असतो, जागेवर तयार झालेला ग्राफ्ट. तो धुतला जात नाही. जातो तो नुसता बसलेला. पण किती ग्राफ्ट होईल हे तुमच्या हातात नाही, आणि लॉटमागे फरक पडतो तो इथे.

रिॲक्टिव्ह ब्लॉक कोपॉलिमर ही नशिबावरची गोष्ट हातात देतो. टोकाला दुहेरी बंध, थायॉल किंवा ट्रायथायोकार्बोनेट, काहीही असो, जोडणी ठरवून होते. मग सेंट्रिफ्यूज करा, गरम करा, मिठाच्या पाण्यात टाका, तो सुटत नाही.

पण सुरुवातीपासून घालू नका. का, ते आकड्यांत बघा.

समजा १० ग्रॅम स्टायरीन, ०.१ ग्रॅम एआयबीएन, अर्धा ग्रॅम ब्लॉक कोपॉलिमर, रेणुभार १०,०००. म्हणजे एआयबीएन ०.६१ मिलिमोल आणि स्टॅबिलायझर ०.०५ मिलिमोल. एआयबीएनच्या एका रेणूतून दोन रॅडिकल, त्यातले निम्मे कामाला येतात असं धरलं तर संपूर्ण अभिक्रियेत साधारण ०.६ मिलिमोल साखळ्या सुरू होतील. स्टॅबिलायझरची टोकं त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढी. चिल्लर वाटते.

आता घड्याळ लावा. ७० अंशाला एआयबीएन निम्मा व्हायला सुमारे पाच तास लागतात. पहिल्या दहा मिनिटांत जेमतेम सव्वादोन टक्के फुटतो. म्हणजे तेव्हा सुरू झालेल्या साखळ्या फक्त ०.०१४ मिलिमोल. आणि स्टॅबिलायझरची टोकं पहिल्या सेकंदापासून सगळीच्या सगळी हजर, ०.०५! ज्या काळात बीज पडतं नेमक्या त्याच काळात रिॲक्टिव्ह टोकं नव्या साखळ्यांच्या साडेतीनपट आहेत.

राफ्टचं टोक असेल तर परिणाम उघड आहे. वाढती साखळी टोक पकडते, सोडते, दुसरी पकडते, सगळ्या जणी हळूहळू एकत्र वाढतात. बाहेर पडायची लांबी उशिरा आणि ज्याची त्याची वेगळ्या वेळी गाठली जाते. शिवाय बाहेर पडणारी प्रत्येक साखळी स्वतःचं कवच घेऊनच येते, तिला चारचौघींत मिसळायची गरज नाही. दोन मायक्रॉनचे मणी मागितलेत, हाती येईल शे-दोनशे नॅनोमीटरचा चिखल, किंवा दोन्हींची खिचडी.

घाटकोपरी

एमएस्सीला हेच शिकवलं होतं पण "राफ्टमुळे नियंत्रण वाढतं" एवढंच लिहून घेतलं. इथे नियंत्रणच नडतंय!

जुना_यूडीसीटीकर

नियंत्रण साखळीच्या लांबीवर वाढतं, मण्याच्या मापावर नाही. परीक्षेत हे दोन्ही एकाच वाक्यात येतं म्हणून घोटाळा.

सावली

मणीकार, मी अशाच एका प्रकल्पावर होते म्हणून सांगते. दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात साधा पीव्हीपी, बीज पडू द्या. निळी झाक येऊन दूध पांढरं झालं, म्हणजे संख्या पक्की झाली. मग रिॲक्टिव्ह ब्लॉक कोपॉलिमर थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून, ७० अंशाला आणून, थेंबथेंब सोडा. टोरांटोच्या विनिक यांच्या गटाने साधारण वीस वर्षांपूर्वी दाखवलेली हीच युक्ती: क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा), रंगद्रव्य, जे जे बीज बिघडवतं ते बीज पडून गेल्यावर घाला.

थंड द्रावण एकदम ओतू नका. तापमान दोन अंशांनी पडलं तरी नव्या बारीक मण्यांची पिल्लावळ दिसते.

मणीकार

सावलीताई, मग पीव्हीपीने जागा आधीच अडवलेली असेल. उशिरा आलेल्याला बसायला मिळेल का?

सावली

मिळेल. आणि हे लोकलमध्ये चौथी सीट मागण्यासारखं नाही, जागा खरंच वाढत असते. हिशेब करा. दोन मायक्रॉनचे १० ग्रॅम मणी म्हणजे सव्वादोन लाख कोटी नग (आकडा अर्थसंकल्पात शोभेल असा). त्यांचं एकूण पृष्ठफळ साधारण २९ चौरस मीटर. एक टक्का स्टायरीन संपलं होतं तेव्हा हेच मणी ०.४३ मायक्रॉनचे होते आणि पृष्ठफळ होतं १.३ चौरस मीटर. म्हणजे पुढच्या वाढीत वीसपटीहून जास्त नवं अंग उघडं पडतं आणि त्यावर कवच चढत राहावं लागतं.

आणि लागतं किती? दर चौरस मीटरला दोन मिलिग्रॅम धरा, सगळं मिळून ६० मिलिग्रॅमच्या आत. तुमच्या अर्ध्या ग्रॅमपैकी बहुतेक माल नुसता इथेनॉलमध्ये तरंगत असतो आणि तुम्ही तो धुऊन गटारात सोडता. रिॲक्टिव्ह कोपॉलिमर महाग असतो, तो शंभर मिलिग्रॅम घातला तरी पुष्कळ झाला.

प्रश्नार्थक

गटारात?? मिठी नदीला अजून काय काय पाजणार आहात?

सावली

शब्द चुकीचा पडला, धुण्याचं अल्कोहोल वेगळ्या ड्रममध्ये जातं. मण्यांचं म्हणाल तर सौंदर्यप्रसाधनांतले प्लास्टिकचे दाणे अमेरिकेने २०१५च्या कायद्याने बंद केले, युरोपने २०२३मध्ये मुद्दाम मिसळलेल्या मायक्रोप्लास्टिकवर निर्बंध आणले. निदान-चाचण्यांना तिथे सवलत आहे, पण माल किती सुटतो ते सांगावं लागतं. फेसवॉशमध्ये किलोने आणि किटमध्ये मायक्रोग्रॅमने, हा फरक आहेच. तरी आमच्याकडे फिल्टरशिवाय काही सोडत नाहीत.

खडूस_परीक्षक

सगळे "एकसारखे, एकसारखे" म्हणताहेत. किती? आकडा कोणी दिलेला नाही.

मणीकार, तुम्ही गेल्या धाग्यावर "मापाची पीडीआय १.०३" असं अभिमानाने लिहिलं होतंत. वजन-सरासरी व्यास भागिले संख्या-सरासरी व्यास हे गुणोत्तर फार दयाळू आहे. सीव्हीच्या वर्गाच्या तिप्पट एवढीच त्याची एकच्या वर वाढ. १.०३ म्हणजे सीव्ही १० टक्के! पाच टक्क्यांच्या आत हवं असेल तर हे गुणोत्तर १.००७५च्या खाली यायला हवं. दुसऱ्या दशांशावर थांबणारा माणूस स्वतःला फसवतो.

आणि मोजताना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या एकाच देखण्या चौकटीतले तीस मणी मोजू नका. दोनशेच्या वर, वेगवेगळ्या चौकटींतून, आणि मधली "धूळ"ही धरून. ती धूळ म्हणजेच दुसरी पिढी.

मणीकार

झोडपा म्हटलं होतं, मिळालं. फोटोंवरून पुन्हा मोजायला बसवतो.

घाटकोपरी

एसईएमचा (त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) नंबर लागेपर्यंत काय करायचं? आमच्याकडे आठवडाभर थांबावं लागतं.

खडूस_परीक्षक

काचपट्टी घे. धुतलेल्या मण्यांचा पातळ थेंब पसरून सावलीत वाळू दे, मणी एकेरी थरात बसतात. मग पट्टी डोळ्याजवळ धरून लांबवरच्या मोबाइलच्या टॉर्चकडे बघ. माप एकसारखं असेल तर दिव्याभोवती स्वच्छ रंगांचं कडं दिसतं, आतून निळं, बाहेरून तांबडं. फार सुरेख रांगा लागल्या असतील तर कड्याच्या जागी सहा ठिपके. मापं मिसळली असतील तर नुसतं पांढुरकं धुकं. यातून सीव्ही निघत नाही, पण एसईएमचे पैसे भरावेत की बॅच फेकावी एवढं नक्की कळतं.

प्रश्नार्थक

हे भारी! पण रच्याकने, अवकाशात मणी बनवले होते ते काय प्रकरण? कुठेतरी वाचलं होतं.

रंगारी

खरं आहे. अमेरिकेत लीहाय विद्यापीठाच्या व्हँडरहॉफ यांनी स्पेस शटलवर दहा मायक्रॉनचे मणी केले, आणि तिथल्या मानक संस्थेने ते १९८५पासून मोजमापाचे नमुने म्हणून विकले. अवकाशात बनून बाजारात आलेला पहिला माल तो. कारण साधं: स्टायरीन पिऊन फुगलेला मणी पाण्यापेक्षा हलका, वर येतो. पॉलिमर झाला की जड, खाली बसतो. मोठ्या मण्यांना जमिनीवर सांभाळणं कठीण. मौज अशी की नॉर्वेच्या उगेलस्टाड यांनी सत्तरच्या दशकातच बी-मण्यांना दोन पायऱ्यांत फुगवायची रीत काढली होती आणि तेवढेच मणी ट्रोंडहाइममध्ये, जमिनीवर करून दाखवले. रॉकेटचं भाडं वाचलं!

घाटकोपरी

ब्लॉकची लांबी कशी ठरवायची? जास्त रुतावा म्हणून पॉलिस्टायरीनचा तुकडा लांब घेतला तर?

जुना_यूडीसीटीकर

मोह होतो, पण नको. तुकडा लांब झाला की तो इथेनॉल टाळायला आपसातच गोळा होतो, मायसेल बनतात. त्यातून साखळ्या सहज सुटत नाहीत, मण्यापर्यंत पोचत नाहीत, आणि प्रत्येक मायसेल स्वतःच बारीक बी होऊन बसतो. खडूस म्हणतात ती धूळ बऱ्याचदा हीच. टोक रिॲक्टिव्ह असेल तर रुतणारा भाग छोटा पुरतो, कारण धरून ठेवायचं काम रासायनिक बंध करतो. हाच रिॲक्टिव्ह प्रकाराचा मोठा फायदा, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. विरघळणारा भाग मात्र भरपूर लांब ठेव.

करण्याआधी कोपॉलिमरचं द्रावण ७० अंशाला उजेडासमोर धरून बघ. निळसर दिसलं तर परत फिर.

सावली

एक मुंबईची गंमत, म्हणजे डोकेदुखी. आमचे मेमधले मणी मोठे आणि जुलैमधले लहान निघायचे. कृती तीच. इथेनॉलचा कॅन दिवसभर उघडझाप होत राहतो आणि पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं. माध्यमात पाणी वाढलं की साखळी लवकर बाहेर पडते, बिया जास्त पडतात, मणी बारीक. कॅनवर आता कार्ल फिशरचा (त्यातल्या पाण्याच्या मोजणीचा) आकडा लिहिल्याशिवाय तो कोणी उघडत नाही.

मणीकार

इथेनॉलवरून आठवलं. अबकारी खात्याचा परवाना निघेपर्यंत आम्ही आयसोप्रोपेनॉलवर दिवस काढले. माप सगळंच बदलतं, कृती पुन्हा बसवावी लागते. नवीन लोकांनी परवान्याचा अर्ज आधी टाकावा, स्टायरीन मग.

जुना_यूडीसीटीकर

स्टायरीनचंही तेच. प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली बाटली दुकानाच्या पोटमाळ्यावर किती उन्हाळे राहिली देव जाणे. त्यातला टीबीसी (साठवणीत पॉलिमर होऊ न देणारा रोधक) संपला की आतल्या आत पॉलिमर व्हायला लागतो आणि ती आयती साखळी बीज पडण्याच्या वेळी लुडबूड करते. परीक्षा सोपी: चार थेंब मेथॅनॉलमध्ये टाका. ढवळून स्वच्छ राहिलं तर ठीक, दुधाळ झालं तर बाटली परत. चांगलं निघालं तरी उरलेला टीबीसी अॅल्युमिनाच्या कॉलमवरून काढून घ्या. नाहीतर सुरुवात अडखळते, आणि सुरुवात अडखळली की काय होतं ते वर लिहिलंय.

मणीकार

अपडेट. सावलीताईंच्या पद्धतीने केलं. पीव्हीपीवर बीज, दूध पांढरं झाल्यावर कोपॉलिमरचं गरम द्रावण सावकाश. मण्यांना हलकी पिवळसर छटा आहे, ट्रायथायोकार्बोनेटची. धुतल्यावर रक्ताएवढ्या मिठाच्या पाण्यात, म्हणजे ०.१५ मोलर, रात्रभर ठेवले. मायक्रोस्कोपखाली सुटे. शेजारी ठेवलेले नुसत्या पीव्हीपीचे मणी जोड्या करून बसले होते. काचपट्टीवर कडं दिसलं, अख्खी लॅब टॉर्च घेऊन उभी होती.

खडूस_परीक्षक

अभिनंदन. आता सिद्ध करा की तो जोडलाय, नुसता बसलेला नाही. पीव्हीपी आणि पॉलिअॅक्रिलिक आम्ल एकमेकांना हायड्रोजन बंधाने घट्ट धरतात. तुमचा कोपॉलिमर मण्याला नाही, मण्यावरच्या पीव्हीपीला चिकटला असेल तरी मिठाच्या पाण्यात हेच दिसेल.

मणीकार

हे डोक्यात नव्हतं. मग तपासायचं कसं?

खडूस_परीक्षक

ती पकड आम्ल अवस्थेतली आहे. पीएच ९-१०ला न्या, आम्लाचे गट आयनी होतात आणि पीव्हीपीवरची पकड सुटते. तिथे दोन-तीनदा धुवा. मग उरलासुरला सुटा कोपॉलिमर मेथॅनॉलने काढा. या सगळ्या धुण्याआधी आणि नंतर कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन (द्रावणाची विद्युतवाहकता बघत अल्क घालून मोजणी) करून पृष्ठभागावरचे कार्बोक्झिल, म्हणजे आम्लाचे गट मोजा. आकडा टिकला तर जोडलाय. निम्म्यावर आला तर निम्माच जोडलाय, तेही वाईट नाही, पण किटच्या कागदावर तो दुसरा आकडा लिहा. अँटिबॉडी जोडायची ती या धुण्यानंतरच, ईडीसी (आम्लाचा गट प्रथिनाशी जोडून देणारं रसायन) वापरून, पीएच ५-६च्या आसपास. आधी जोडलीत तर महागाची अँटिबॉडी सुट्या कोपॉलिमरबरोबर वाहून जाईल.

घाटकोपरी

मला मायक्रोस्कोपचं माप जुळवायला मणी हवे आहेत, अँटिबॉडी वगैरे नाही. मलाही हे सगळं करावं लागेल?

जुना_यूडीसीटीकर

अजिबात नाही. पीव्हीपीवर कर, इथेनॉलमध्येच ठेव, बाटली घट्ट बंद. ब्लॉक कोपॉलिमरच्या नादी लागू नकोस, गाईडने पैसे दिले तरी.